मराठा लाइट इन्फन्ट्री : दुसऱ्या महायुद्धातील कामगिरी

भारतीय सैन्यातील जुनी पायदळ रेजिमेंट. तिची सर्वांत जुनी पलटण, 'जंगी पलटण', १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिली; रेजिमेंटचे केंद्र बेळगाव. ब्रिटिश हिंदी सैन्यात मान पलटणीचा. मराठ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये विखुरलेल्या होत्या, त्यामुळे त्यांचे युद्ध इरिट्रियापासून मणिपूरपर्यंत तुकड्यातुकड्यांनी वाचावे लागते.

मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर तिसऱ्या पलटणीने 'फ्लॅट टॉप' ही टेकडी घेतली. पुढच्याच वर्षी, २१ जून १९४२ ला टोब्रुक पडले आणि दुसरी पलटण शत्रूच्या हाती सापडली.

चौथ्या पलटणीची सांगशाकची झुंज मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरातील या नागा गावी ५० व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत ती जपान्यांच्या वेढ्यात अडकली. काटेरी तार नव्हती. हातभर खोदले की खडक लागे, त्यामुळे खंदक उथळ; पाण्याची टंचाई; विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्याच हद्दीत पडे. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला. जागा गेली, पण त्या दिवसांत जपानी सैन्य खोळंबले आणि कोहिमा व इंफाळच्या बचावाला वेळ मिळाला.

इटलीत पहिली पलटण आठव्या, तर तिसरी दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सच्या वाटेवर मोंतेगुफोनीच्या गढीत उफिझी संग्रहालयातील चित्रे सापडली. बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा' त्यांतच होते. त्यांच्यावर पहिल्या पलटणीच्या जवानांनी पहारा दिला.

इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्याला सहा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यांतील दोन मराठ्यांचे. तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले. बॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले. गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना त्याच बंदुकीच्या दस्त्याने मारले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना तिथेच वीरमरण आले. वय बावीस. कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे.

पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जाधव कंपनी कमांडरसोबत निरोप्या म्हणून होते. कमांडर आणि दुसरा निरोप्या जखमी झाले. जाधवांनी दोघांना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत फिरून एक मशीनगन टॉमीगनने गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि सरपटत जाऊन आणखी दोन ठाणी हातबॉम्बने उडवली. बॉम्ब संपले तेव्हा ते आणायला ते मागेही आले. शेवटी मॉर्टरच्या माऱ्यात बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना देत त्यांनी कंपन्यांना पलीकडे बोलावले. १९८४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.