एकाच गिअरची हलकी माउंटन बाइक : काटकसर कुठे, खर्च कुठे?

खांदेश्वर परिसरातील सपाट रस्त्यांवर एकाच गिअरची सायकल सहज धावते. कसोटी लागते ती मुंबई-गोवा महामार्गावरील कर्नाळा खिंडीच्या चढावर. त्यामुळे अशी कार्बनची माउंटन बाइक कमी खर्चात जुळविताना आधी दात्यांचे गणित मांडावे. पुढे ३२ आणि मागे १८ दाते असल्यास २९ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे चार मीटर पुढे जाते. चढ जास्त असल्यास मागे २० दाते घ्यावेत.

गिअर बदलणारी यंत्रणा वगळल्याने वजन घटते आणि पावसाळ्यात चिखल अडकण्याच्या जागाही कमी होतात. सस्पेन्शनऐवजी कार्बनचा साधा फोर्क बसविल्यास किलोभर वजन वाचू शकते.

सीट, ग्रिप, पेडल स्वस्तातील चालतील. फ्रेम, फोर्क, हँडल आणि ब्रेक मात्र खात्रीचेच हवेत. पोलाद बहुधा वाकून इशारा देते. कार्बन अचानक तुटू शकतो. जुन्या फ्रेमवरील बारीक तडाही त्यामुळे जिवावर बेतू शकतो. बोल्ट अंदाजाने न आवळता उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. चेनचा ताण अचूक ठेवण्याचे काम मात्र साध्या काळ्या सायकली दुरुस्त करणारा कोपऱ्यावरचा कारागीरही उत्तम जाणतो. कारण त्याही एकाच गिअरच्या!