तारापूरची निविदा

तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकेने भारताला ‘दिले’, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पालघर-बोईसर पट्ट्याचे जुने कागद जमवताना मला हे क्रियापद सतत खटकत आले आहे. तारापूर कोणी दिले नाही. ते विकले गेले, आणि त्याआधी विक्रेत्यांची चांगलीच चढाओढ झाली. (‘आशियातले पहिले’ हे बिरुदही असेच चिकटले आहे. ब्रिटिश धाटणीची अणुभट्टी असलेले जपानचे तोकाई केंद्र १९६६ मध्येच सुरू झाले होते.)

अणुऊर्जा खात्याने ऑक्टोबर १९६० मध्ये जागतिक निविदा काढली. डॉ. होमी भाभांचा हिशेब सरळ होता. मुंबई-अहमदाबादचा उद्योग वीज मागत होता आणि कोळसा होता बिहार-बंगालात. तो इथवर रेल्वेने आणण्यापेक्षा अणुवीज परवडेल, असे त्यांचे म्हणणे. सात प्रस्ताव आले. जागा ठरली ती या दोन शहरांच्या मधली, खडकाळ किनाऱ्याची, थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी देणारी.

ज्या जनरल इलेक्ट्रिकला, म्हणजे जीईला, हे काम मिळाले तिचा स्वभाव समजायला थोडे मागे जावे लागते. जीईत एडिसनची कंपनी विलीन झालेली. १८८० च्या दशकात एडिसनचा एकदिश प्रवाह आणि वेस्टिंगहाऊसचा प्रत्यावर्ती प्रवाह यांचे जाहीर भांडण झाले. १८९३ चे शिकागो प्रदर्शन वेस्टिंगहाऊसने उजळले आणि निकाल लागला. पुढे दोघीही घरात बल्ब, फ्रीज आणि कारखान्याला टर्बाइन विकू लागल्या. अणुयुगात तेच वैर नव्या मालासह उभे राहिले. वेस्टिंगहाऊसची अणुभट्टी पाणबुडीच्या तंत्रातून आलेली. तिच्यात पाणी प्रचंड दाबाखाली ठेवतात, उकळू देत नाहीत. जीईने अणुभट्टीतच पाणी उकळून ती वाफ टर्बाइनला देण्याचा मार्ग धरला. इलिनॉयमधले तिचे ड्रेस्डेन केंद्र १९६० चे. म्हणजे भारताची निविदा निघाली तेव्हा हा माल बाजारात अगदीच कोवळा होता, आणि जीईला परदेशी गिऱ्हाईक हवे होते.

म्हणून जीईने ठरलेल्या किमतीत पूर्ण केंद्र उभारून, चालू करून, किल्ली हातात देण्याची तयारी दाखवली. वाढीव खर्चाचा धोका विक्रेत्याचा. अमेरिकेतही १९६३ च्या अखेरीस ऑयस्टर क्रीक केंद्राचा सौदा तिने याच पद्धतीने केला. वेस्टिंगहाऊसनेही तोच रस्ता धरला आणि अशा कंत्राटांत दोघींना मोठी खोट बसली. बाजार काबीज करण्यासाठी पदरमोड करण्याची रीत काही मोबाइलच्या जमान्यात जन्मलेली नाही.

भाभांना अमेरिकेने गुंडाळले, हे मला पटत नाही. त्यांनीच विक्रेत्यांची गरज ओळखून तिचा फायदा घेतला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, ८ कोटी डॉलरचे कर्ज नाममात्र व्याजाने मिळाले, मे १९६४ मध्ये जीईशी कंत्राटावर सह्या झाल्या. त्याच सुमारास राजस्थानातल्या रावतभाट्यासाठी त्यांनी कॅनडाची जड पाण्याची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी अणुभट्टी घेतली. एकाच दुकानदाराच्या दारात उभे राहायचे नाही, हा कसलेल्या गिऱ्हाइकाचा बाणा.

पण स्वस्त घोड्याचा चारा महाग पडला. जीईच्या यंत्राला समृद्ध युरेनियम लागे आणि करारानुसार ते अमेरिकेकडूनच घ्यायचे होते, तीस वर्षे. केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते, तरी किंमत तारापूरने मोजली. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने इंधनाची वाट अडवली. १९८० मध्ये कार्टर यांनी एक खेप सोडली, तीही सिनेटमध्ये काठावर तरून. १९८२ मध्ये फ्रान्स पुरवठादार झाला, पुढे चीन, मग रशिया. यंत्रही कुरकुरत होते. दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या आणि ऐंशीच्या दशकात प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आली. गिऱ्हाइकाने मात्र यंत्र टाकले नाही. दुरुस्त करत, जुळवून घेत चालवले. इथल्या तंत्रज्ञांची खरी शाळा तीच, असे मी मानतो.

रावतभाट्याचे काम कॅनडाने १९७४ नंतर अर्धवट सोडले. ते भारतीयांनी पुरे केले आणि तेच घराणे वाढत वाढत तारापूरला आले. जुन्या संचांशेजारी ५४० मेगावॉटचे दोन देशी संच उभे राहिले, चौथा २००५ मध्ये, तिसरा २००६ मध्ये. दोन्ही जड पाण्याचे, नैसर्गिक युरेनियमचे. १९६० च्या निविदेत स्वस्ताईपुढे मागे पडलेला विचार पंचेचाळीस वर्षांनी त्याच किनाऱ्यावर परतला.

या खेपेला परदेशी विक्रेता नव्हता, कर्जाची बोलणी नव्हती. जागा मात्र लागली. अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. मच्छीमारांची, शेतकऱ्यांची घरे पुनर्वसनाच्या नव्या वसाहतींत गेली. मासे सुकवायचे ते आता कोणत्या किनाऱ्यावर, होडी ओढायची कुठे, हे प्रश्न कोणत्याही निविदेच्या रकान्यात बसणारे नव्हते. जुन्या अक्करपट्टीची हद्द आता केंद्राच्या कुंपणाआड गेली आहे.