चव्वेचाळिसाव्या ओळीवर थांबलेली सरासरी

१/९
एप्रिल २०१३. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील एका संशोधक विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह एक निबंध प्रसिद्ध केला आणि जगभर गाजलेल्या एका आर्थिक निष्कर्षाला तडा गेला. त्या निष्कर्षामागच्या स्प्रेडशीटमधील एक सूत्र पाच ओळी अगोदरच थांबले होते. या पाच ओळींची कथा कागदी वहीपासून सुरू होते.

२/९
‘स्प्रेडशीट’ हा शब्द मुळात हिशेबनिसांचा. वहीच्या समोरासमोरील दोन पानांवर पसरलेला तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट. त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली प्रत्येक बेरीज खोडून पुन्हा मांडावी लागे. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरची हीच खोडाखोड पाहून कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी ‘व्हिसिकॅल्क’ अवतरले. त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या.

३/९
आकडे आपोआप बदलणे ही अर्धीच क्रांती होती. उरलेली अर्धी सूत्राच्या नकलेत होती. बी२ मधील किमतीला एफ१ मधील कराच्या दराने गुणणारे सूत्र एक ओळ खाली नकलले, तर बी२ चे बी३ होते. ते हवेच असते. परंतु एफ१ चेही एफ२ होते, आणि तेथे दर नसतो. व्हिसिकॅल्क नक्कल करताना प्रत्येक पत्त्याविषयी विचारी : हा बदलायचा की तसाच ठेवायचा? पुढे ‘लोटस १-२-३’ने हा निर्णय सूत्रातच डॉलर चिन्हाने नोंदवला. $एफ$१ असे लिहिले की पत्ता जागचा हलत नाही. नवशिका आणि जाणकार यांच्यातील पहिली सीमारेषा आजही येथेच आहे.

४/९
मिच केपॉर यांच्या कंपनीचे लोटस १-२-३ जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीवर आले आणि बाजारपेठ त्याने व्यापली. त्यात एक दोष होता : १९०० हे लीप वर्ष मानले गेले होते. जुन्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलनेही तो दोष जाणूनबुजून स्वीकारला. त्यामुळे कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस एक्सेलमध्ये आजही ६० व्या क्रमांकावर आहे.

५/९
एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. पुढची मोठी पायरी पिव्होट टेबलची. पिटो सालास यांच्या कल्पनेतून घडलेल्या ‘लोटस इम्प्रूव्ह’ने १९९१ मध्ये ती वाट दाखवली, १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये ती सर्वांच्या हाती आली. पेशवे दफ्तर चाळणाऱ्यास हे काम अनोळखी वाटणार नाही. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने पडलेल्या नोंदी खात्यांनुसार लावणे म्हणजे खतावणी. पिव्होट टेबल हीच खतावणी क्षणात करते. मात्र ‘पुणे’ आणि ‘पूणे’ अशा दोन नोंदी असतील, तर खातीही दोन पडतात.

६/९
एका तक्त्यातील माहिती दुसऱ्यात आणणाऱ्या व्हीलुकअपने असाच धोका आणला. त्याचा चौथा घटक लिहिला नाही, तर ते तंतोतंत जुळणीऐवजी अंदाजे जुळणी शोधते. यादी क्रमवार नसेल तर भलताच आकडा हाती येतो, तोही कोणतीही सूचना न देता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या एक्सलुकअपने तंतोतंत जुळणी हीच मूळ रीत ठरवली.

७/९
आता त्या पाच ओळींकडे. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी मांडले की, सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून वर गेले की विकासाचा वेग कोसळतो. सरासरी उणे ०.१ टक्का. अमेरिकेत आणि युरोपात काटकसरीचे समर्थन करणारे राजकारणी याचा दाखला देत. सरासरी हवी होती ओळ ३० ते ४९ ची. सूत्रात मात्र ३० ते ४४ होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गणनेतून गळले.

८/९
फेरगणनेत सरासरी अधिक २.२ टक्के निघाली. यातील मोठा वाटा वगळलेल्या वर्षांचा आणि देशांना दिलेल्या भारांकांचा होता. सूत्राची चूक त्या मानाने लहान. लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली. अधिक कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध मात्र कायम असल्याचे सांगितले. पुढे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सएलएस फायलीची ६५,५३६ ओळींची मर्यादा संपली आणि कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून सुटली. रुग्णांना आपले निकाल कळले होते. त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध मात्र लांबला.

९/९
थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने चूक शोधली ती अभ्यासक्रमातील एका कामासाठी. प्रसिद्ध आकडे वापरून तेच उत्तर काही केल्या येईना, तेव्हा त्याने लेखकांकडे मूळ फाइल मागितली. त्यांनी ती दिली. मग सरासरीच्या चौकटीवर टिचकी मारून तिच्यामागचे सूत्र कोणत्या ओळीपर्यंत जाते, एवढेच पाहायचे राहिले होते. तीन वर्षे तो आकडा असंख्य लोकांनी वाचला होता.