स्पॉकच्या हातातली चकती

कोकणातल्या बुरोंडीहून एक होडी थेट पश्चिमेला निघाली आहे, असं धरू. होडीचा वेग सहा नॉट, आणि पाण्याची दक्षिणेकडे एक नॉटची ओढ. तांडेलाने होकायंत्रावर नजर ठेवून दोन तास पश्चिम सोडली नाही, तरी होडी पोहोचते ठरलेल्या जागेच्या दोन सागरी मैल, म्हणजे जवळजवळ पावणेचार किलोमीटर, खाली दाभोळच्या अंगाला. सुकाणू चुकलेलं नसतं. खालचं पाणीच सरकत असतं. नेमक्या जागी जायचं तर नाळ सुरुवातीपासूनच हर्णैच्या बाजूला, साधारण साडेनऊ अंश उत्तरेला ठेवावी लागते. मुरलेला तांडेल हे कागद-पेन्सिलीशिवाय करतो. किनाऱ्यावरचा डोंगर, देवळाचा कळस, पाण्याचा रंग, वाऱ्याचं तोंड, सगळं मिळून तो अंदाज बांधतो. या विद्येला मी गणितच म्हणतो.

हाच प्रश्न विमानात आला तेव्हा तो फार जीवघेणा झाला. तिथे ओढ पाण्याची नसून वाऱ्याची. रात्री समुद्रावरून शंभर-दीडशे नॉटने जाणाऱ्या वैमानिकाला खाली ना डोंगर दिसतो ना कळस, आणि इंधन तर मोजकंच. वेग आणि दिशेचे बाण काढून त्रिकोण सोडवायला पट्टी, कोनमापक आणि निवांतपणा लागतो. त्या अरुंद जागेत यातलं काहीच नसतं.

अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातला वैमानिक फिलिप डाल्टन याने १९३०च्या दशकात यावर एका हातात मावेल असं उपकरण बसवलं. मागच्या बाजूला फिरणारी पारदर्शक चकती आणि तिच्याखाली वर-खाली सरकणारी, रेघा आखलेली पट्टी. चकती वाऱ्याच्या दिशेला फिरवायची, वाऱ्याच्या वेगाइतक्या अंतरावर पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा, मग चकती आपल्या मार्गावर आणून पट्टी सरकवायची. विमान किती अंश वळतं धरायचं ते त्या ठिपक्याखाली दिसतं, आणि जमिनीवरून त्याचा खरा वेग किती ते चकतीच्या मध्यबिंदूखाली. त्रिकोण सुटतो, पण काढावा लागत नाही. पुढच्या बाजूला वेळ, अंतर आणि इंधन यांचा हिशेब करणारी गोल स्लाइड रूल. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने या उपकरणाला भाग-क्रमांक दिला ई-६बी, आणि तेच त्याचं नाव झालं. दुसऱ्या महायुद्धात अशी चार लाखांहून जास्त उपकरणं तयार झाली. डाल्टनला ते पाहायला मिळालं नाही. १९४१ मध्ये विमान अपघातात तो गेला.

पुढच्या बाजूच्या त्या गोल पट्टीचं कूळ मात्र बरंच जुनं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम प्रसिद्ध केले आणि गुणाकाराची बेरीज करून दाखवली. मग कुणाला तरी सुचणारच होतं की ही बेरीज आकड्यांची न करता लांब्यांची करावी. पट्टीवर १ ते २ हे अंतर जेवढं, तेवढंच २ ते ४ आणि तेवढंच ४ ते ८ ठेवलं, की दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवून गुणाकार होतो. इंग्लंडमधले पाद्री विल्यम ऑट्रेड यांनी हे केलं, आणि पट्टी वाकवून तिची टोकंही जुळवली. वर्तुळाला शेवट नाही, म्हणून उत्तर पट्टीच्या बाहेर जात नाही. त्यांचं गोल उपकरण १६३२ मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे आलं. रिचर्ड डेलमेन या शिक्षकाने १६३०मध्येच आपलं गोल उपकरण छापलं होतं, आणि मान कुणाचा यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं. माझ्या मते दोघांनाही मान द्यायला जागा आहे.

आता १९६६. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. कथा तेविसाव्या शतकातली, तारायान एंटरप्राइज. त्यावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक ‘द नेकेड टाइम’ या भागात हातात चकती फिरवून हिशेब करताना दिसतो. ती चकती म्हणजे डाल्टनचं ई-६बी. पुढे दूरदर्शनवर १९८०च्या दशकात रविवारी सकाळी ही मालिका पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ते परग्रहावरचं यंत्र वाटलं असेल, तर नवल नाही.

त्याच काळात इतर मालिकांनी भविष्य दाखवायला भिंतीच उभ्या केल्या. ‘लॉस्ट इन स्पेस’ आणि ‘बॅटमॅन’मध्ये दिसणारा लुकलुकत्या दिव्यांचा बरोज २०५ हा १९५०च्या दशकातला खरा संगणक. ‘द टाइम टनेल’मध्ये तर अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेतले भाग वापरले. त्या यंत्रणेतला एकेक संगणक सुमारे २५० टनांचा. खऱ्या जागी त्या प्रत्येक दिव्याला अर्थ होता. यंत्राच्या पोटात या क्षणी कोणता आकडा आहे, कुठे बिघाड आहे, ते त्यावरून तंत्रज्ञ वाचत. पडद्यावर मात्र दिवे नुसते उघडझाप करत राहिले. मला म्हणून ती छोटी चकती या भिंतींपेक्षा मोठी वाटते. तिची जात बदलली नाही. वाट, वेळ आणि उरलेलं इंधन, याच प्रश्नांसाठी ती बनली होती आणि तारायानावरही प्रश्न तेच आहेत. स्पॉक झालेल्या लेनर्ड निमॉयची बोटं ती फिरवतात तेव्हा माणूस विचार करताना दिसतो.

गणकयंत्र कथेच्या मध्यभागी आणण्याचं काम बीबीसीने त्याआधीच, १९६१ मध्ये ‘ए फॉर अँड्रोमेडा’त केलं होतं. अवकाशातून आलेल्या संदेशात एक संगणक बांधायची कृती असते, अशी ती सात भागांची मालिका. लेखकांपैकी एक फ्रेड हॉइल, आणि तेव्हा केंब्रिजला त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. त्याच नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. मराठी विज्ञानकथेला त्यामुळे मिळालेलं बळ वाचकांना ठाऊक आहे.

१९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि स्लाइड रूल काही वर्षांतच अभियंत्यांच्या टेबलावरून गेली. ई-६बी मात्र टिकलं. वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना ते आजही हाताळायला शिकवतात, कारण त्याला ना बॅटरी लागते ना उपग्रह. हेच हिशेब करणारी फोनवरची ॲपही डाल्टनच्या त्या लष्करी भाग-क्रमांकानेच ओळखली जातात.