बिली जीन किंग चषक

महिलांच्या टेनिसमधील आंतरराष्ट्रीय सांघिक अजिंक्यपदाची स्पर्धा. १९६३ मध्ये ‘फेडरेशन चषक’ या नावाने तिचा प्रारंभ झाला. १९९५ पासून ती ‘फेड चषक’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली व सप्टेंबर २०२० मध्ये तिला प्रख्यात अमेरिकन खेळाडू बिली जीन किंग हिचे नाव देण्यात आले. पुरुषांच्या डेव्हिस चषकाशी तुल्य अशी ही स्पर्धा असून तीत दरवर्षी शंभराहून अधिक देश भाग घेतात. एप्रिल २०२५ मध्ये या स्पर्धेच्या आशिया–ओशिआनिया विभागातील पहिल्या गटाचे सामने पुण्याजवळील बालेवाडी–म्हाळुंगे येथील शिवछत्रपती क्रीडानगरीत झाले.

टेनिस हा मुख्यत्वे वैयक्तिक खेळ आहे. व्यावसायिक खेळाडू वर्षभर निरनिराळ्या देशांत स्वतःच्या नावावर व स्वतःच्या खर्चाने खेळते. तिचे मानधन, बक्षिसाची रक्कम व क्रमवारीतील गुण हे सर्व तिचे एकटीचे असते. अशा खेळाडूंना वर्षातून काही दिवस राष्ट्राच्या नावाखाली एकत्र आणणे, हे या स्पर्धेचे वैशिष्ट्य होय. याच कारणामुळे खेळातील चुरशीबरोबरच राष्ट्राराष्ट्रांतील राजकीय ताणही या स्पर्धेच्या इतिहासात वेळोवेळी उमटलेले दिसतात.

उगम व प्रारंभ : महिलांच्या सांघिक टेनिसची कल्पना प्रथम अमेरिकेच्या हेझल हॉचकिस वाइटमन (१८८६–१९७४) हिने १९१९ मध्ये मांडली. डेव्हिस चषकाप्रमाणे सर्व देशांतील महिलांसाठी स्पर्धा असावी, अशी तिची इच्छा होती. परंतु राष्ट्रीय संघटनांनी तिला प्रतिसाद दिला नाही. तिने दिलेला चषक १९२३ पासून केवळ अमेरिका व ब्रिटन यांच्यातील वार्षिक सामन्यांसाठी वापरात आला. ‘वाइटमन चषक’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही मालिका १९८९ पर्यंत चालली. तीत अमेरिकेचे वर्चस्व इतके एकतर्फी होत गेले, की चुरस ओसरल्यामुळे ती बंद करावी लागली.

मूळ कल्पनेला मूर्त रूप येण्यास चार दशके लागली. ब्रिटनमध्ये जन्मलेली व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेली खेळाडू मेरी हार्डविक हेअर हिने १९६२ मध्ये या कल्पनेला असलेल्या पाठिंब्याची साधार माहिती संकलित करून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघापुढे मांडली. महासंघाने आपल्या स्थापनेच्या पन्नासाव्या वर्षाचे औचित्य साधून ती स्वीकारली. जून १९६३ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर पहिली स्पर्धा झाली. तीत सोळा देशांनी भाग घेतला. बक्षिसाची रक्कम नव्हती आणि प्रवास व निवासाचा खर्च संघांनी स्वतःच करावयाचा होता. अंतिम लढतीत अमेरिकेने ऑस्ट्रेलियाचा २–१ असा पराभव केला. एकेरीचा एकेक सामना दोन्ही संघांनी जिंकल्यावर निर्णय दुहेरीवर आला व डार्लीन हार्ड आणि बिली जीन मॉफिट (नंतरची किंग) यांनी पहिला सेट गमावूनही ३–६, १३–११, ६–३ असा विजय मिळविला.

स्वरूप : आरंभीची सुमारे तीन दशके सर्व संघ एकाच ठिकाणी आठवडाभर जमत व बाद पद्धतीने सामने होत. प्रत्येक लढतीत दोन एकेरी व एक दुहेरी असे तीन सामने असत. १९७६ मध्ये स्पर्धेला पहिला प्रायोजक लाभला आणि बक्षिसांची रक्कम देणे शक्य झाले. सहभागी देशांची संख्या वाढल्यावर विभागवार पात्रता गट सुरू झाले. १९९५ मध्ये डेव्हिस चषकाप्रमाणे स्वदेशी वा प्रतिस्पर्ध्याच्या देशात लढत खेळण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. अलीकडच्या काळात पात्रता लढती व त्यानंतर एकाच शहरात अंतिम टप्पा अशी रचना रूढ झाली असून लढतीतील सामन्यांची संख्या पुन्हा तीनवर आणण्यात आली आहे. खेळाडूंसोबत प्रत्येक संघाला न खेळणारा कर्णधार असतो. तो सामना चालू असताना मैदानालगत बसून खेळाडूला सल्ला देऊ शकतो. एरवी एकाकी असणाऱ्या या खेळात ही सवलत महत्त्वाची ठरते.

या स्पर्धेतील विजयाने व्यावसायिक क्रमवारीत गुण मिळत नाहीत. तथापि ऑलिंपिक सामन्यांत भाग घेऊ इच्छिणाऱ्या खेळाडूने राष्ट्रीय संघासाठी उपलब्ध असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे. म्हणजे राष्ट्रप्रेमाच्या आवाहनाला नियमाचीही जोड देण्यात आली आहे.

राष्ट्रीय चुरस व राजकारण : अमेरिकेने ही स्पर्धा अठरा वेळा जिंकली आहे. पहिल्या बारा वर्षांत तिला खरी झुंज ऑस्ट्रेलियाने दिली. त्या देशाची सातही विजेतेपदे १९७४ पर्यंतची आहेत. १९७५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने प्रथम विजय मिळविला. त्या संघातील प्रमुख खेळाडू मार्टिना नवरातिलोव्हा हिने त्याच वर्षी अमेरिकेत राजकीय आश्रय घेतला. पुढे १९८२ मध्ये ती अमेरिकेच्या विजयी संघात होती. दोन वेगवेगळ्या देशांकडून हा चषक जिंकणारी ती पहिली खेळाडू ठरली. जुलै १९८६ मध्ये प्राग येथे भरलेल्या स्पर्धेसाठी ती अमेरिकन संघातून मायदेशी आली. तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून उच्चारण्याचे टाळण्यात आले, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. प्रेक्षकांनी मात्र तिचे उत्स्फूर्त स्वागत केले. अंतिम लढतीत अमेरिकेने यजमान चेकोस्लोव्हाकियाचा ३–० असा पराभव केला व त्यात नवरातिलोव्हाने हाना मांदलिकोव्हाला हरविले. पराभूत संघाच्या प्रेक्षकांनी विजयी खेळाडूला आपली मानावी, असा हा प्रसंग क्रीडेतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

१९८२ च्या सँता क्लॅरा (कॅलिफोर्निया) येथील स्पर्धेत चीनची एकोणीस वर्षांची खेळाडू हू ना ही संघाच्या हॉटेलातून निघून गेली व तिने अमेरिकेत आश्रय मागितला. एप्रिल १९८३ मध्ये तो मंजूर होताच चीनने अमेरिकेबरोबरचे त्या वर्षातील उरलेले शासकीय क्रीडा व सांस्कृतिक कार्यक्रम रद्द केले.

वर्णभेदी राजवटीचा प्रश्नही या स्पर्धेत उपस्थित झाला. दक्षिण आफ्रिकेने १९७२ मध्ये जोहॅनिसबर्ग येथे, स्वदेशी, हा चषक जिंकला होता. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशिया यांच्या सहभागाच्या निषेधार्थ सोव्हिएट संघासह पूर्व युरोपातील काही देशांनी माघार घेतली. याच प्रश्नावर भारताने १९७४ मध्ये पुरुषांच्या डेव्हिस चषकाची अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार देऊन चषकावरचा हक्क सोडला होता. अलीकडे, युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाचा व बेलारूसचा संघ या स्पर्धेतून वगळण्यात आला. त्या वेळी रशिया विद्यमान विजेता होता. मात्र व्यावसायिक स्पर्धांत या देशांच्या खेळाडूंना राष्ट्रध्वजाशिवाय, व्यक्ती म्हणून खेळू देण्यात आले. व्यक्ती व राष्ट्र यांतील जो भेद एरवी अस्पष्ट असतो, तो या निर्णयाने उघड झाला.

एकविसाव्या शतकात चेक प्रजासत्ताकाने २०११ ते २०१८ या काळात सहा वेळा विजेतेपद मिळविले. त्यानंतर स्वित्झर्लंड (२०२२), कॅनडा (२०२३) व इटली (२०२४ आणि २०२५) हे देश विजयी झाले.

महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये याला समांतर अशी सोल्हाइम चषक ही स्पर्धा १९९० पासून होते. परंतु ती अमेरिका व युरोप या दोनच बाजूंपुरती मर्यादित आहे. त्यामुळे दक्षिण कोरिया, जपान, थायलंड यांसारख्या गोल्फमध्ये अग्रेसर असलेल्या आशियाई देशांना तीत स्थान नाही. ही उणीव काही अंशी २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल क्राउन’ या देशनिहाय स्पर्धेने भरून काढली. २०१८ मध्ये दक्षिण कोरिया व २०२३ मध्ये थायलंड तीत विजयी झाले. टेनिसची स्पर्धा आरंभापासूनच सर्व देशांना खुली राहिली, हा दोहोंतील महत्त्वाचा फरक होय.

भारत : भारतीय महिलांच्या टेनिसची परंपरा या स्पर्धेहून जुनी आहे. वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या, संस्कृत लेखिका पंडिता क्षमाबाई राव या स्वतः टेनिस खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने १९३४ मध्ये विंबल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. असे यश मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. परंतु व्यक्तिगत कर्तृत्वाला संघटित रूप येण्यास दीर्घ काळ जावा लागला. फेडरेशन चषक सुरू होऊन अठ्ठावीस वर्षे लोटल्यावर, १९९१ मध्ये, भारतीय संघ तीत प्रथम उतरला. त्यानंतरच्या काळात निरुपमा वैद्यनाथन, मनीषा मल्होत्रा, पुण्याची राधिका तुळपुळे इत्यादींनी देशाचे प्रतिनिधित्व केले. मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झा हिच्या उदयानंतर संघाला जागतिक दर्जाची खेळाडू लाभली. परंतु एका खेळाडूच्या बळावर तीन सामन्यांची लढत जिंकता येत नाही, हे वारंवार प्रत्ययास आले.

मार्च २०२० मध्ये दुबई येथे भारत प्रथमच आशिया–ओशिआनिया गटातून वरच्या फेरीत गेला. सानिया मिर्झा, अंकिता रैना, ऋतुजा भोसले, रिया भाटिया व सौजन्या बावीसेट्टी यांचा हा संघ होता. मातृत्वानंतर पुनरागमन करून संघाला दिलेल्या साथीबद्दल सानियाला त्या वर्षीचा ‘फेड चषक हार्ट’ पुरस्कार मिळाला. तो मिळविणारी ती पहिली भारतीय होय. एप्रिल २०२१ मध्ये लॅटव्हियाने युर्माला येथे भारताचा ३–१ असा पराभव केला.

पुणे–पिंपरी-चिंचवड परिसर : बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आली. ती मुळा नदीच्या दक्षिणेस असून नदीपलीकडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील वाकड आहे. (चाकण औद्योगिक क्षेत्रातील म्हाळुंगे हे खेड तालुक्यातील गाव निराळे.) पिंपरी, आकुर्डी, भोसरी व पुढे चाकण असा उद्योगांचा पट्टा विस्तारत गेला, तसतसा या परिसरात खेळांना आश्रय देऊ शकणारा उद्योजक व नोकरदार वर्ग वाढला. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीत झालेल्या पुरुषांच्या महाराष्ट्र खुल्या टेनिस स्पर्धेस टाटा उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व होते. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या साहाय्याने महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा अनेक वर्षे भरत आली आहे.

महिलांच्या मोठ्या स्पर्धेचा पहिला अनुभव बालेवाडीने नोव्हेंबर २०१२ मध्ये घेतला. महिला टेनिस संघटनेने त्याच वर्षी सुरू केलेल्या १२५ श्रेणीतील या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युक्रेनच्या अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जपानच्या बेचाळीस वर्षांच्या किमिको दाते-क्रुम हिचा पराभव केला. पुढे स्वितोलिना जगातील अव्वल खेळाडूंत गणली गेली. ही स्पर्धा मात्र पुण्यात स्थिरावली नाही.

८ ते १२ एप्रिल २०२५ या काळातील बिली जीन किंग चषकाच्या साखळीत भारत, न्यूझीलंड, थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई व दक्षिण कोरिया हे सहा संघ होते. पहिल्या लढतीत न्यूझीलंडकडून हरल्यानंतर भारताने उरलेल्या चारही लढती जिंकल्या. हैदराबादच्या श्रीवल्ली भमिदिपाटी हिने एकेरीचे पाचही सामने जिंकले. दक्षिण कोरियाविरुद्धच्या शेवटच्या लढतीत एकेरीत बरोबरी झाल्यावर निर्णय दुहेरीवर आला. तो अंकिता रैना व प्रार्थना ठोंबरे या जोडीने भारताच्या बाजूने लावला. मूळची अहमदाबादची अंकिता पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली, तर प्रार्थना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. न्यूझीलंड व भारत पुढील फेरीस पात्र ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळूर येथे स्लोव्हेनिया व नेदर्लंड्स या दोन्ही संघांकडून भारताचा पराभव झाला आणि संघ पुन्हा आशिया–ओशिआनिया गटात परतला.

या परिसराचा वाटा केवळ यजमानपदापुरता नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ मध्ये सानियासह महिला दुहेरीत व अंकिता रैना हिने २०१८ मध्ये एकेरीत कांस्यपदक मिळविले. ऋतुजा भोसले हिने २०२३ मध्ये हांगजो येथे रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

समालोचन : वरच्या व खालच्या गटांतील संघांत जे अंतर आढळते, ते एखाद्या आठवड्यातील खेळाचे नसून वर्षभराच्या तयारीचे असते. क्रमवारीत वर चढण्यासाठी खेळाडूला अनेक स्पर्धा खेळाव्या लागतात. त्या परदेशी असल्यास प्रवास, प्रशिक्षक व निवास यांचा खर्च लहान स्पर्धांच्या बक्षिसांतून भागत नाही. म्हणून स्वदेशी आंतरराष्ट्रीय स्पर्धांची संख्या व सातत्य यांवर राष्ट्रीय संघाचे बळ अवलंबून राहते. चेक प्रजासत्ताकासारख्या लहान देशाच्या यशामागे क्लबांची घट्ट परंपरा आहे. बालेवाडीतील मोठ्या स्पर्धा काही वर्षे टिकून बंद पडल्या, तर डेक्कन जिमखान्यावरील लहान स्पर्धेने दीर्घकाळ खेळाडूंना घराजवळ गुण मिळविण्याची संधी दिली. राष्ट्राच्या नावाने खेळावयाचे दिवस वर्षातून थोडे असतात. त्या दिवसांचा निकाल उरलेल्या वर्षात ठरतो, हे या स्पर्धेच्या सहा दशकांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.