साष्टी बेटावरील ध्वज

साष्टी हे मूळ मुंबई बेटाच्या उत्तरेचे मोठे बेट. ठाणे शहर व त्यातील माजिवडा त्याच्या ईशान्य भागात येतात. साष्टीला स्वतंत्र ध्वज नव्हता. सत्ता बदलली की निशाण बदलले.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसईसह साष्टी पोर्तुगिजांना दिली. त्यांच्या शुभ्र ध्वजावर मुकुटासह राजचिन्ह असे. त्यातील पाच निळ्या ढाली परंपरेने येशूच्या पाच जखमांचे प्रतीक मानल्या जातात. भोवतालच्या लाल पट्टीत सोनेरी किल्ले असत.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७३९ मध्ये मराठा सेनानी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मराठ्यांचा भगवा त्याग व शौर्याचे प्रतीक. दुहेरी टोकांचा जरीपटका हा ध्वज म्हणजे सेनापतीचा मान.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले. मराठे व इंग्रजांमधील सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडेच राहिली. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ध्वजावर तांबडे-पांढरे आडवे पट्टे असत. वरच्या कोपऱ्यातील क्रूस इंग्लंड-स्कॉटलंडच्या एकीकरणाचे द्योतक होते. १८५८ मध्ये कंपनीची राजवट संपून ब्रिटिश राजसत्तेचा अंमल आला.

१५ ऑगस्ट १९४७ पासून येथे अशोकचक्रांकित तिरंगा हाच राष्ट्रध्वज आहे.