फ्रीटाउनला परत, डिसेंबर 2014

कॅसाब्लांकाहून निघालेल्या विमानात हवी ती खिडकी मिळते. इबोलाच्या साथीमुळे ऑगस्टपासून बहुतेक कंपन्यांनी सिएरा लिओनची वाट सोडली आहे. रॉयल एअर मारोक आणि ब्रसेल्स एअरलाइन्स मात्र अजून येतात. तुमच्या पिशवीत जुनं ओळखपत्र आहे, पदाचं नाव तेच: आरोग्य संवाद सल्लागार.

लुंगी विमानतळावर आधी हात धुवायचे. खाली तोटी बसवलेली बादली, क्लोरिनचा झणझणीत वास. मग कपाळासमोर ताप मोजायची बंदूक. 2020 मध्ये ती तुमच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनच्या हातात असणार आहे. आत्ता मात्र तुम्ही तिच्यापासून नकळत डोकं मागे घेता.

2012 च्या कॉलऱ्यात तुम्ही इथेच होतात. 22 हजारांवर रुग्ण, जवळपास 300 मृत्यू. पण सांगायचं ते सोपं होतं. हात धुवा, पाणी शुद्ध करून प्या, जुलाब लागले तर क्षार-साखरेचं पाणी पाजा. आजाऱ्याला जवळ घेऊ नका असं कुणाला सांगावं लागलं नव्हतं. आज शहरात नेणाऱ्या लाँचच्या धक्क्यावर जुना सहकारी लांबूनच ‘कुशे’ म्हणतो आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवतो. पुढे झालेला तुमचा हात तसाच खाली येतो.

सकाळी शहरात फिरता. शाळा बंद, धडे रेडिओवर. नाताळच्या जाहीर समारंभांना बंदी. पोडा-पोडा मिनीबसांत माणसं अंग चोरून बसलेली. देशात आठवड्याला शेकडो नवे रुग्ण सापडताहेत आणि त्यांतले बरेचसे याच शहरात आणि आसपास.

कचेरीच्या भिंतीवर साथीच्या सुरुवातीची पोस्टरं अजून आहेत. इबोला जीव घेतो. इबोलावर औषध नाही. माकड, वटवाघूळ खाऊ नका. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण औषधच नसेल, तर अंगभर प्लास्टिक चढवलेल्या अनोळखी माणसांच्या तंबूत एकट्याने का मरायचं? त्यापेक्षा बायकोच्या हातचं पाणी पिऊन घरात डोळे मिटलेले बरे. लोकांनी हा हिशेब नीट केला आणि पाणी पाजणारे हातच पुढे आजारी पडले. माकडाचं मांस तर केव्हाच बाजूला पडलं होतं. रोग माणसाकडून माणसाकडे जात होता: उलटीतून, जुलाबातून, रक्तातून आणि मृताला अंघोळ घालताना. केनेमाच्या रुग्णालयात इबोलाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख उमर खान स्वतः 29 जुलैला त्याच रोगाने गेले. जिथे डॉक्टर वाचत नाही तिथे आम्ही कशाला जाऊ, या प्रश्नाला पोस्टरांकडे उत्तर नव्हतं.

दुपारी शहराजवळच्या वॉटर्लूच्या एका वस्तीत जाता. सप्टेंबरात, 19 ते 21 तारखेला, सगळा देश घरात बसवून स्वयंसेवक दारोदार फिरले होते. त्यांनी दिलेला साबण संपला, माहिती शिल्लक आहे. लक्षणं इथल्या पोरांना तोंडपाठ आहेत. कुणीही, कशानेही गेलं तरी 117 ला फोन करायचा, हेही माहीत आहे. तरी फोन होत नाहीत.

का, ते एक म्हातारा इमाम आंब्याखाली बाकावर बसून सांगतो. ‘‘माझ्या भावाला काळ्या पिशवीत घालून नेलं. कचऱ्यासारखं. कबर कुठे, कुणी सांगितलं नाही. आता फोन कोण करणार?’’

तुम्ही पुण्याचे. 1897 च्या प्लेगात सोजीर घराघरात शिरले, आजारी माणसं उचलून नेली, चीजवस्तू जाळल्या आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली. शाळेत हा क्रांतिकारकांचा धडा होता. इथे, इमामासमोर, तो साथ आवरणाऱ्यांचा धडा म्हणून वाचावा लागतो. रोगाला अटकाव करायला आलेला माणूस उंबरठा कसा ओलांडतो, याची याद रोग गेल्यावरही उरते.

तुमच्या वहीत दफनाची ऑक्टोबरपासूनची नवी रीत लिहिलेली आहे. पिशवी पांढरी, कफनाच्या रंगाची. घरच्यांनी ठरावीक अंतरावर उभं राहून पाहायचं, प्रार्थना करायची. पाण्याच्या अंघोळीऐवजी तयम्मुम, म्हणजे पाण्याविना शुद्धी, तीही संरक्षक पोशाखातल्या माणसाकडून. कबरीवर नाव. इमाम दोनदा वाचून घेतो, मग विचारतो, ‘‘नमाज मी पढवू शकतो?’’ लांबून, हो. शुक्रवारी मशिदीत हे तोच सांगणार. त्याच्यामागे तुम्ही फक्त ध्वनिक्षेपकाची बॅटरी पोचवायची.

रेडिओचा मजकूरही बदलतो. क्रिओ, मेंदे, तेमने भाषांत आता बरे झालेले लोक बोलतात: मी लवकर गेले, म्हणून परत आले. खाटा वाढतात, तपासणीचे निकाल लवकर येतात, दफन पथकं वेळेवर पोचतात. जानेवारीअखेर आठवड्याचा आकडा शंभराच्या खाली येतो. यात संवादाचा वाटा किती, ते वेगळं काढून दाखवता येत नाही. पण फोनच आला नसता तर पथकं गेली कुठे असती?

मग तारखा भराभर सरकतात. 7 नोव्हेंबर 2015: देश इबोलामुक्त जाहीर. एकूण रुग्ण 14 हजारांवर, मृत्यू जवळपास 4 हजार. 14 जानेवारी 2016: जागतिक आरोग्य संघटना सांगते, पश्चिम आफ्रिकेतली साथ संपली. दुसऱ्याच दिवशी बातमी येते की टोंकोलिली जिल्ह्यात मरण पावलेल्या एका तरुणीच्या नमुन्यात, मृत्यूनंतर, विषाणू सापडला आहे.

तुम्ही पुन्हा रेडिओचा मजकूर लिहायला बसता. या वेळी घरच्यांना काय करता येईल ते आधी येतं. काय करू नये, ते त्यानंतर.